भेंडीची फवारणी, एक प्लग आणि दिघ्याचा भाचा

आजची नोंद निम्मी शेतातली, निम्मी दिघ्याच्या गॅरेजमधली आहे.

मुरबाडला आमच्या भाताच्या खाचरात भेंडी लावून चाळीस दिवस झाले होते. पानामागं पांढरी माशी दिसायला लागली. भेंडीवाल्यांना वेगळं सांगायला नको, ही माशी हळद्या पसरवते आणि हळद्या आलेल्या झाडाला औषध नाही. सकाळी पाठीवरचा पेट्रोल पंप काढला, दोरी ओढली, फुरफुरला आणि बंद. प्लग काढला तर काळाकुट्ट, तेलानं ओला. तालुक्याला जाऊन नवा आणला. आटे बरोबर बसले, म्हटलं झालं काम. दोरी ओढली तर आत टक्क आवाज, आणि पंप मुका. प्लग परत काढून बघतो तर खालचं टोक वाकून मधल्या काडीला चिकटलेलं! दुकानदाराला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. चूक माझीच होती, ते नंतर कळलं.

घरच्यांना हातपंपानं कडेच्या ओळी मारायला सांगितल्या. पेट्रोल काढून इंजिन तेवढं सोडवलं, पोत्यात बांधलं आणि कल्याणची एसटी धरली. दिघ्याला बहिणीचा मुलगा गॅरेजात काम करतो. आता दिघा गाव स्टेशन झालंय, जानेवारी 2024 पासून. ठाण्याहून ट्रान्स हार्बरचं पहिलंच स्टेशन. नाहीतर ऐरोलीला उतरून मागं यावं लागायचं.

भाचा डर्ट रेसच्या गाड्या तयार करतो, जास्त करून आरएक्स 100. ही गाडी बनायची 1996 मध्येच बंद झाली, पण टू-स्ट्रोकवाली पोरं तिला सोडत नाहीत. त्यानं माझा वाकलेला प्लग हातात घेतला आणि हसला. "मामा, आटे बसले म्हणजे प्लग बसला असं नसतं. हा लांब आहे. पिस्टन वर आला आणि ह्याला धडकला."

मग त्यानं नंबर वाचायला शिकवलं. एनजीकेचा बी7एचएस घ्या. बी म्हणजे 14 मिलिमीटरचे आटे. एच म्हणजे आट्यांची लांबी 12.7 मिलिमीटर. तिथं एच ऐवजी ई असेल तर 19. जाडी तीच, म्हणून हातानं दोन्ही बसतात. लांब प्लग पिस्टनला लागतो. आखूड असला तर हेडचे उघडे आटे काजळीनं भरतात.

मधला 7 हा गरम-थंडचा आकडा. मला वाटायचं गरम प्लग म्हणजे ठिणगी जोरात. तसं नाही. प्लग आपली उष्णता हेडला किती लवकर देतो, त्याचा तो आकडा. मी त्याला म्हटलं, म्हणजे काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि मुरमाड सोडून देते, तसं? तो म्हणाला, "अगदी तसंच." प्लगचं टोक साधारण 450 अंशांच्या वर तापलं तरच काजळी जळते. 850 च्या पुढं गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच टोकावर पेट्रोल पेटतं. रेसची गाडी सतत फुल थ्रॉटलवर, म्हणून तिला एक-दोन नंबर थंड प्लग. पण थंड प्लगनं ताकद वाढत नाही. तोच गावात हळू चालवायच्या गाडीला लावला तर काजळी धरतो.

आणि इथंच तो थांबला. मनगट दाखवलं, वाकडं बसलेलं. मागच्या वर्षी सरावात पडला होता. आम्हाला सांगितलं होतं, चिखलात घसरलो. खरं असं, की एनजीकेत आकडा मोठा तेवढा प्लग थंड, आणि बॉशमध्ये उलटं, आकडा मोठा तेवढा गरम. त्यानं घाईत मोठा आकडा बघून थंड समजून गरम प्लग लावला. सरळ पट्ट्यात पिस्टन वितळून धरला, मागचं चाक जाम झालं. "आकडा वाचला, मामा. कंपनी वाचली नाही." मी काहीच बोललो नाही. मीही तर नुसते आटे बघून प्लग घेतला होता.

पिस्टनवर नखाएवढा डाग होता, रिंगा शाबूत होत्या. त्यानं पुस्तकातला नंबर बघून प्लग लावला. त्यानं सांगितलेल्या बाकी गोष्टी अशा:

इंजिन थंड असतानाच प्लग काढा, आधी भोवतीची माती फुंकून घ्या, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते.

गॅप फिलर गेजनं बघा. आमच्या पंपाला 0.6 ते 0.7 मिलिमीटर. तुमचं पुस्तक सांगेल ते धरा.

नवा प्लग आधी बोटांनी पूर्ण बसवा, मग पान्यानं अर्धा फेरा. वॉशर दबला की पुरे. हेड ॲल्युमिनियमचं असतं, जोर केला की आटे गेले.

जुना प्लग फेकायच्या आधी बघा. फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. तेलानं ओला असेल तर ऑइल जास्त. पांढरा, फोड आलेला असेल तर इंजिन तापतंय, लगेच थांबा.

माझा पहिला प्लग ओला का होता, तेही कळलं. मी ऑइल अंदाजानं ओतत होतो. आमच्या पंपाच्या पुस्तकात 25 ला 1 आहे, म्हणजे लिटरला 40 मिली. आता मापानं घालतो.

तिसऱ्या दिवशी फवारणी झाली. तरी पुढच्या आठवड्यात सत्तावीस झाडं हळद्यानं पिवळी पडली, उपटून जाळली. दोन दिवस आधी फवारलं असतं तर किती वाचली असती, सांगता येत नाही.

भाच्यानं त्याच्या आईला आता खरं सांगितलंय, म्हणून इथं लिहिलं. वाकलेला प्लग पंपाच्या पट्ट्याला बांधून ठेवलाय. दुकानात जाताना तुमचा जुना प्लग खिशात घेऊन जा, आणि आकड्याबरोबर कंपनीचं नावही वाचा.