बंदिवानाची सुटका आणि समाजाचे भय

२०१७ च्या फेब्रुवारीत रायपूरच्या सुंदरनगरातील एका घराच्या अंगणातून पोलिसांनी एका दांपत्याचे सांगाडे उकरून काढले आणि त्यांचा खून पोटच्या मुलानेच, उदयन दासने, काही वर्षांपूर्वी केल्याचे जाहीर केले, तेव्हा आमच्या तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांतून मला, मानसोपचारतज्ज्ञ म्हणून, एकच प्रश्न पुन:पुन्हा विचारण्यात आला: असा माणूस उद्या सुटून आला तर? भोपाळात एका तरुणीचा खून करून तिचे प्रेत सिमेंटात गाडल्याबद्दल बांकुऱ्याच्या न्यायालयाने त्याला २०२० साली जन्मठेप दिली, तरी तो प्रश्न मिटला नाही. मी त्या इसमाला तपासलेले नाही. सबब त्याच्या मनाविषयी निदान सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु प्रश्नामागचे भय खरे आहे, आणि त्याला सबुरीने उत्तर देणे हे माझ्या व्यवसायाचे कर्तव्य आहे.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, ही समजूत प्रथम दूर केली पाहिजे. गोपाळ विनायक गोडसे यांच्या अर्जावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच स्पष्ट केले होते, की जन्मठेप ही उर्वरित आयुष्यभराची सजा असून तीत सूट देण्याचा अखत्यार सरकारचा आहे. देहदंडास पात्र अशा गुन्ह्यांत १४ वर्षे पुरी होण्यापूर्वी सुटका होऊ नये, हे बंधन १९७८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत आले आणि नव्या संहितेतही ते कायम आहे. चौदा वर्षांनी कैद्याच्या सुटकेचा विचार होऊ शकतो, इतकाच त्याचा अर्थ. सुटकेचा हक्क त्यातून उत्पन्न होत नाही. खरा प्रश्न असा, की तो विचार कोणी आणि कशाच्या आधारे करावा.

त्यासाठी दोन भिन्न मनोवस्था निराळ्या ओळखाव्या लागतात. मुंबईच्या उपनगरांत फुटपाथवर आणि झोपड्यांत निजलेल्या गोरगरिबांचे जीव घेणारा रामन राघव १९६८ साली पकडला गेला. त्याला फाशीची शिक्षा झाली. परंतु उच्च न्यायालयाच्या हुकुमावरून तीन मानसोपचारतज्ज्ञांनी केलेल्या तपासणीत तो जुनाट स्किझोफ्रेनियाने ग्रस्त आढळला, फाशीची जन्मठेप झाली आणि १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मरण पावला. त्याचे जग भ्रमांनी व्यापलेले होते. सायकोपॅथीत तसे नसते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ हर्वे क्लेक्ली यांनी १९४१ साली तिचे जे चित्र रेखाटले, त्यातील माणसाला भ्रम नाही, भास नाही, बुद्धी शाबूत आहे, वाणी मधुर आहे. उणीव आहे ती परदु:खाची झळ लागण्याची आणि पश्चात्तापाची. कॅनडाचे रॉबर्ट हेअर यांनी पुढे वीस लक्षणांची सूची सिद्ध केली. तीत ४० पैकी ३० वा अधिक गुण मिळाल्यास उत्तर अमेरिकेत सायकोपॅथीचे निदान करतात, आणि हे गुण केवळ मुलाखतीवर न देता दप्तरातील पूर्वेतिहासाशी ताडून द्यावे लागतात. कायद्याच्या दृष्टीने असा मनुष्य आपल्या कृत्याला सर्वस्वी जबाबदार असतो.

मुलाखतीत मी बहुधा एक साधा प्रश्न विचारतो: ज्याचा जीव गेला, त्याच्या घरी आता कोण कोण आहे? एखादा कैदी मान खाली घालतो आणि बऱ्याच वेळाने ‘मुलगी लग्नाची झाली असेल, साहेब,’ एवढेच पुटपुटतो. दुसरा तत्काळ सफाईदार शब्दांत पश्चात्ताप व्यक्त करतो आणि लगोलग स्वत:च्या वाया गेलेल्या वर्षांचा, वकिलाच्या हलगर्जीपणाचा, साक्षीदारांच्या लबाडीचा पाढा वाचू लागतो. मृताच्या घरचे एकही माणूस त्याच्या बोलण्यात येत नाही. एका उत्तरावरून निदान होत नाही, परंतु कोठे अधिक खोल पाहावे हे समजते. सुटकेच्या प्रकरणात तुरुंग अधीक्षकाचा अहवाल, ठाण्याचा अभिप्राय, शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाचे मत असे कागद जमतात आणि ‘वर्तन समाधानकारक’ या शेऱ्याला त्यांत मोठे वजन येते. नेमका हाच शेरा संपादन करणे या दुसऱ्या प्रकारच्या माणसाला फारसे अवघड नसते, कारण कोणाला काय ऐकावयाचे आहे हे तो चटकन ओळखतो. लैंगिक गुन्हेगारांविषयी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका कॅनडीय अभ्यासात, ज्यांच्यात सायकोपॅथीची लक्षणे तीव्र होती त्यांना सशर्त सुटका मिळण्याचा संभव इतरांच्या सुमारे अडीचपट आढळला.

मात्र यावरून प्रत्येक खुन्याकडे त्याच नजरेने पाहणे हा घोर अन्याय होईल. शेताच्या बांधावरून, दारूच्या भरात किंवा टोनही, म्हणजे चेटकीण, असल्याच्या संशयाने ज्यांच्या हातून खून घडला, असे कैदी छत्तीसगडच्या तुरुंगांत आहेत. त्यांतील अनेकांत ही विकृती नसते, आणि वय उतरणीला लागले म्हणजे हिंसेचा संभवही सामान्यत: ओसरतो. अशा वृद्धाला केवळ लोकक्षोभाच्या धास्तीने डांबून ठेवण्यात समाजाचे कोणते हित साधते?

म्हणून माझे मागणे असे, की दीर्घ मुदतीच्या प्रत्येक हिंसक गुन्हेगाराची सुटकेपूर्वी प्रशिक्षित तज्ज्ञांकडून, संपूर्ण दप्तर समोर ठेवून, एकाहून अधिक वेळा तपासणी व्हावी. पीडित कुटुंबाचे म्हणणे ऐकले जावे. आणि सुटका पायरीपायरीने, देखरेखीखाली व्हावी. याचा धडा आपल्याच मुलखात आहे. औंध संस्थानाने १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविले, तेथे कैद्यांना शेती व मोकळीक देऊन त्यांच्यावर विश्वास टाकला, आणि त्याच प्रयोगावरून व्ही. शांताराम यांना १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट सुचला. तासाभराच्या मुलाखतीत टिकणारे सोंग महिनोन्महिन्यांच्या सामाईक श्रमांत, उसनवारीत आणि भांडणतंट्यांत टिकणे कठीण असते. जो तेथेही धोक्याचा दिसेल, त्याची सुटका कायद्याने नाकारावी आणि ठरावीक मुदतीने फेरविचार करावा. जो बदललेला दिसेल, त्याला वस्तीने दार उघडावे. हे सारे खर्चाचे आणि चिकाटीचे काम आहे. पण ते टाळून केवळ कागदावर सुटका देणारे किंवा नाकारणारे सरकार नागरिकाचे रक्षणही करीत नाही आणि कैद्याला न्यायही देत नाही.