बी वर्ग वजा चार एसी

फेब्रुवारी लागला की दहावीचं मूल असलेल्या घरात एक कागद भिंतीवर चढतो. कपाटाच्या दारावर, आरशाच्या कडेला, कधी देवघराच्या बाजूला. वर लाल शाईत ‘महत्त्वाची सूत्रे’, खाली दोन रकाने: गणित भाग १ आणि गणित भाग २. राज्य मंडळाच्या परीक्षेत बीजगणित ४० गुणांचं, भूमिती ४० गुणांची, दोन्हींना दोन-दोन तास आणि पेपर वेगवेगळ्या दिवशी. त्यामुळे उजळणीही दोन खात्यांत वाटली जाते. बीजगणिताचा पेपर झाला की तो रकाना मुलं डोक्यातून पुसून टाकतात आणि भूमितीला लागतात.

एका तालुक्याच्या गावी दहावीला गणित शिकवणाऱ्या बाईंना ही वाटणीच मान्य नाही. सराव परीक्षा संपली की त्या मुलांना कोरे कागद देतात आणि सूत्रं पाठ म्हणायला न लावता मांडायला लावतात. सूत्र कुठून आलं ते दोन-तीन ओळींत दाखवायचं, जमेल तिथे आकृती काढायची आणि मग एखादा लहानसा आकडा घालून ते खरं ठरतं का ते बघायचं. जिथे अडेल तिथे फुली मारायची. पुढच्या दिवसांत उजळणी करायची ती त्या फुल्यांचीच. पालक भेटायला येतात तेव्हा हमखास विचारतात, “बाई, आता एवढा वेळ कुठंय?” वेळ नाही म्हणूनच ही रीत कामाची आहे. सूत्र समूळ विसरलं तर मूल तो प्रश्न सोडून पुढे तरी जातं. पण परीक्षेत सूत्र समूळ विसरलं जातच नाही. ते अर्धवट आठवतं. एखादं चिन्ह, एखादा दोन, एखादा एक तृतीयांश तेवढा निसटतो, आणि मूल पूर्ण विश्वासाने चुकीचं उत्तर लिहून त्याखाली दोन रेघा मारतं.

वर्गसमीकरणाचं सूत्र घ्या. सेमी इंग्रजीची मुलं ते ‘मायनस बी प्लस ऑर मायनस रूट’ असं एका दमात म्हणतात, मराठी माध्यमाची ‘वजा बी अधिक किंवा वजा वर्गमुळात बी वर्ग वजा चार एसी’ असं. चाल दोघांचीही पक्की असते. बाईंनी फळ्यावर समीकरण लिहिलं: दोन एक्स वर्ग वजा सात एक्स अधिक तीन बरोबर शून्य. एका मुलाने झरझर सोडवलं. बी वर्ग वजा चार एसी म्हणजे ४९ वजा २४, २५. वर्गमूळ ५. इथपर्यंत सगळं ठीक. मग ‘वजा बी’च्या जागी त्याने वजा सात लिहिलं आणि उत्तरं काढली: वजा अर्धा आणि वजा तीन.

“बरं,” बाई म्हणाल्या, “आता एक्सच्या जागी कुठलीही ऋण संख्या घाल. पहिलं पद कसं येईल?”

“धन.”

“मधलं?”

तो थांबला. “वजा सात गुणिले ऋण… धनच.”

“आणि तीन तर धनच आहेत. मग तिन्ही धन पदांची बेरीज शून्य कशी होईल रे?”

त्याने स्वतःच खोडलं. बी म्हणजे सात नव्हे, वजा सात. म्हणून वजा बी म्हणजे अधिक सात. सात अधिक पाच भागिले चार म्हणजे तीन, सात वजा पाच भागिले चार म्हणजे अर्धा. पडताळ्याला मुळांचा गुणाकार दीड येतो, आणि सी भागिले ए हेही दीडच. बाईंनी त्याला सूत्र पुन्हा म्हणायला लावलं नाही. समीकरणाची चिन्हंच उत्तराचा अंदाज देतात, ते बघायला लावलं. शेजारच्या बाकावरच्या मुलीची चूक निराळी होती. तिने दोन एने फक्त वर्गमुळाला भागलं होतं आणि वजा बी तसाच बाहेर ठेवला होता. अशी चूक सूत्र कितीही वेळा घोकलं तरी सुटत नाही, कारण घोकताना भागाकाराची रेघ ऐकू येत नाही.

ती रेघ कुठून आली हे एकदा हाताने काढलं की मात्र कायमचं दिसतं. भारतीय परंपरेत ही युक्ती श्रीधराचार्यांच्या नावावर आहे. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही; नियम टिकला तो भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणिता’त उद्धृत केला म्हणून. समीकरणाला चार एने गुणायचं आणि दोन्ही बाजूंत बी वर्ग मिळवायचा. डावीकडे दोन एएक्स अधिक बी यांचा पूर्ण वर्ग तयार होतो, उजवीकडे उरतं बी वर्ग वजा चार एसी. वर्गमूळ घ्या, बी पलीकडे न्या, मग सगळ्यालाच दोन एने भागा. वजा बीसुद्धा त्या भागाकारात का येतो, हे सांगावं लागत नाही. आधी एने भागून अपूर्णांकांचा गुंता करण्यापेक्षा ही वाट किती स्वच्छ आहे! मुलांना ती मंडळाच्या परीक्षेआधी एकदा तरी चालायला मिळालीच पाहिजे.

भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्याची व्यवस्था ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण इथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याची ती नोंद. दानाचा काही तपशील त्यात त्या काळच्या मराठीत आहे.

चार एने गुणून जो ‘पूर्ण वर्ग’ साधतो, तो मुलांनी खालच्या इयत्तेतच ओळखलेला असतो. ए अधिक बी यांचा वर्ग. तरीही दहावीच्या कितीतरी वह्यांत त्याचं उत्तर ए वर्ग अधिक बी वर्ग एवढंच असतं. इथे आकडा घालायची सवय लगेच उपयोगी पडते: तीन अधिक चार सात, साताचा वर्ग ४९, नऊ अधिक सोळा मात्र २५. २४ कमी पडले. तीन गुणिले चार बारा, त्याची दुप्पट २४. आकृतीत बघायचं तर सात बाजूच्या चौरसात तीनचा एक चौरस, चारचा एक चौरस आणि तीन बाय चारचे दोन आयत. ते दोन आयत म्हणजेच दोन एबी. बीजगणिताच्या रकान्यातलं पहिलंच सूत्र अशी भूमिती निघते.

अंकगणिती श्रेढीला फार वेळ लागत नाही. एन लिहायचा की एन वजा एक, एवढाच तिथला घोळ. एनच्या जागी एक घातला तर पहिलं पदच मिळायला हवं, म्हणजे डीचा गुणक शून्य हवा, झालं. बेरजेसाठी पहिलं आणि शेवटचं पद मिळवून निम्म्या पदसंख्येने गुणायचं. आर्यभटांनी ४९९ साली हेच सांगितलं आहे. पाच, आठ, अकरा अशी वीस पदं असली तर शेवटचं पद ६२, पहिलं-शेवटचं मिळून ६७, दहाने गुणून ६७०.

खरी श्रीमंती पायथागोरसच्या प्रमेयात आहे. बाईंच्या वर्गात त्याला अख्खा तास मिळतो. भिंतीवरच्या कागदावर निर्देशक भूमितीचं अंतराचं सूत्र एका जागी असतं, त्रिकोणमितीची नित्यसमानता दुसऱ्या जागी आणि शंकूची तिरकस उंची पार खाली महत्त्वमापनात. मुलं ती तीन सूत्रं म्हणून पाठ करतात. एकच काटकोन त्रिकोण काढा. बाजू एक्समधला फरक आणि वायमधला फरक असल्या तर कर्ण म्हणजे दोन बिंदूंतलं अंतर. बाजू त्रिज्या आणि लंब उंची असल्या तर कर्ण म्हणजे तिरकस उंची. आणि कर्णाची लांबी एक धरली तर बाजू होतात साईन थीटा आणि कॉस थीटा. त्यांच्या वर्गांची बेरीज एक. या शेवटच्या ओळीला कॉस वर्गाने भागलं की टॅन आणि सेकची समानता मिळते, साईन वर्गाने भागलं की कॉट आणि कोसेकची. कागदावरच्या पाच ओळी एका आकृतीत मावल्या.

प्रमेयाची सिद्धताही भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त अशीच सुटसुटीत आहे. चार सारखे काटकोन त्रिकोण असे मांडायचे की कर्ण बाहेरच्या बाजू होतील. मधे लहानसा चौरस उरतो, त्याची बाजू म्हणजे ए आणि बी यांतला फरक. चार त्रिकोणांचं क्षेत्रफळ दोन एबी, मधला चौरस ए वजा बी यांचा वर्ग. बेरीज करताना दोन एबी आणि वजा दोन एबी एकमेकांना काटतात आणि ए वर्ग अधिक बी वर्ग उरतं. मघाशी मुलांनी जो दोन एबी विसरून टाकला होता, तो नसता तर हे प्रमेय असं सिद्धच झालं नसतं.

वर्तुळाच्या प्रकरणात सूत्रापेक्षा अट महत्त्वाची. स्पर्शिका-छेदिका प्रमेयात छेदिकेचे दोन्ही रेषाखंड बाहेरच्या बिंदूपासूनच मोजायचे असतात. बाहेरचा तुकडा चार आणि वर्तुळातली जीवा पाच असेल तर गुणाकार चार गुणिले नऊ, ३६, स्पर्शिका सहा. चार गुणिले पाच करून जो २०चं वर्गमूळ काढत बसतो, त्याला सूत्र येत असतं, आकृती येत नसते.

दोन पाय आर आणि पाय आर वर्ग यांची अदलाबदल तर वर्षानुवर्षं चालू आहे. क्षेत्रफळात दोन लांब्यांचा गुणाकार हवा, घनफळात तीन लांब्यांचा, एवढं तपासलं तरी ती बंद होते. पण कारण दाखवायचं तर कोकणातल्या एका ज्योतिषाकडे जावं. मुरुडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ साली भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. त्यात ते वर्तुळाचे दोन अर्धे भाग करायला सांगतात. प्रत्येक अर्ध्याचे मध्यापासून परिघापर्यंत बारीक टोकदार तुकडे पाडायचे, दोन्ही अर्धे उलगडायचे आणि टोकं एकमेकांत बसवायची. आयत तयार होतो. लांबी निम्मा परीघ, रुंदी त्रिज्या. म्हणून पाय आर गुणिले आर. हीच कृती आजही शाळेत घोटीव कागदावर कात्रीने करता येते, आणि वर्तुळपाकळीचं क्षेत्रफळ निम्मा कंस गुणिले त्रिज्या का, तेही त्यातूनच उमगतं.

पण नुसत्या साधर्म्यावर विसंबून चालत नाही. त्रिकोणाचं क्षेत्रफळ पाया गुणिले उंचीचं निम्मं, म्हणून टोकाशी निमुळत्या होणाऱ्या घनाकृतीचं घनफळही पायाचं क्षेत्रफळ गुणिले उंचीचं निम्मं असणार, असं वाटणं स्वाभाविक आहे. आर्यभटीयात तसंच दिलं आहे, आणि ते चूक आहे. बरोबर एक तृतीयांश दिला ब्रह्मगुप्तांनी, ६२८ सालच्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त. बाई पुठ्ठ्याचे तीन सारखे तिरके सूचिस्तंभ जवळ ठेवतात. तिघांची टोकं एकाच कोपऱ्यात आणून जुळवली की अख्खा घन तयार होतो. तो एकदा हाताळलेलं मूल शंकूच्या सूत्रात तीनाने भागायला सहसा विसरत नाही.

आणि मग बादली. शंकूछेदाचं सूत्र मुलांना सगळ्यांत अवजड वाटतं: एक तृतीयांश पाय एच, कंसात दोन्ही त्रिज्यांचे वर्ग अधिक त्यांचा गुणाकार. बाईंनी उदाहरण घातलं. वरची त्रिज्या २० सेमी, खालची १०, उंची २१, पाय २२ भागिले ७. कंसात ४०० अधिक १०० अधिक २००, म्हणजे ७००. बाहेर २२. घनफळ १५,४०० घनसेमी, म्हणजे १५.४ लिटर.

“बाई, सरासरी त्रिज्या पंधरा घेऊन सरळ वृत्तचितीच काढली तर?” एका मुलीने विचारलं.

“काढ की.”

१४,८५० आले. मागच्या बाकावरून सूचना आली, त्रिज्यांची नको, वरच्या आणि खालच्या क्षेत्रफळांची सरासरी घेऊ. तसं केल्यावर १६,५००. एक उत्तर कमी, एक जास्त. दोन्हींत फरक १,६५० चा. बाईंनी तो तीनाने भागायला सांगितला: ५५०. लहान उत्तरात मिळवा. १४,८५० अधिक ५५०, बरोबर १५,४००.

हा नियमही ब्रह्मगुप्तांचाच, खणलेल्या खड्ड्याचं घनफळ काढण्यासाठी दिलेला. पहिल्या उत्तराला त्यांनी व्यावहारिक म्हटलं, दुसऱ्याला औत्र आणि शेवटच्याला सूक्ष्म. वर्ग एकदम जागा झाला. कुणी म्हणालं, दोन्ही त्रिज्या सारख्या घेऊन बघू. तिन्ही उत्तरं एकच आली, वृत्तचितीचं. मग त्या मुलीने खालची त्रिज्या शून्य केली, म्हणजे बादलीचा शंकू झाला. सरासरी त्रिज्या निम्मी, तिचा वर्ग पाव. म्हणून पहिलं उत्तर वृत्तचितीच्या पाव. क्षेत्रफळांची सरासरी निम्मी. म्हणून दुसरं उत्तर वृत्तचितीच्या निम्मं, जे आर्यभटीयात होतं तेच. दोन्हींतला फरक पाव, त्याचा तिसरा हिस्सा बारावा भाग. तिने फळ्यावर पाव अधिक एक बारांश लिहिलं, छेद सारखे केले आणि खाली उत्तर मांडलं: एक तृतीयांश.