काय बिघडलं?



मांसाहाराचा विषय निघाला की आपलं एक वाक्य ठरलेलं असतं : "आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कुणी खाल्लं नाही, काय बिघडलं?" मीही ते चाळीस वर्षं म्हणत आले. यंदा ते मला मागे घ्यावं लागलं.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. मुलगा हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये नोकरीला, म्हणून आम्हीही इथेच राहतो. सून कोकणातली, मासे खाणाऱ्या घरातली. लग्नानंतर तिने आपणहून सोडलं. मी तोंडाने कधी सांगितलं नाही, पण मनात अपेक्षा होती, हे आज कबूल करते.

तिसऱ्या महिन्यात तिचं बी १२ कमी निघालं. विहीणबाई काळजीने फोनवर म्हणाल्या, "निदान बाळंतपण होईपर्यंत तरी अंडं खाऊ दे तिला." मी लगेच आपलं वाक्य ऐकवलं. सून काही बोलली नाही, उठून आत गेली.

पुढच्या वेळी तिच्यासोबत दवाखान्यात मी गेले. डॉक्टर म्हणाल्या, "आई, तुमचंही रक्त तपासून घ्या." वर्षभर माझ्या तळपायांना मुंग्या येत होत्या. वाताचं असेल म्हणून मी तेल चोळत होते. रिपोर्ट आला तर माझा आकडा सुनेच्याही खाली!

त्या रात्री माझी आई आठवली. शेवटी शेवटी ती पायांची आग होते म्हणायची, माणसांची नावं विसरायची. वय झालं म्हणून आम्ही सोडून दिलं. कारण काय होतं ते आता कळणार नाही, कारण तिचं रक्त कधी तपासलंच नाही. मी बी.कॉम. झालेली बाई, आणि वही न उघडताच हिशोब बरोबर असल्याचा शेरा मारत होते.

मग वाचायला बसले. बी १२ कुठलंही झाड तयार करत नाही आणि प्राणीही करत नाहीत. ते तयार करतात सूक्ष्म जिवाणू. मांस, मासे, अंडी, दूध यांत ते तिथूनच येतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या ६ गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश जणींचं बी १२ कमी होतं. ज्या आयांचं बी १२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त आढळलं. पुढे मधुमेह होण्याची ही वाट. म्हणजे विहीणबाईंची काळजी खोटी नव्हती.

आपण उलट बाजूनेही भीती घालतो : मांस खाल्लं की कॅन्सर होतो. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सॉसेज, सलामी असं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाचं कारण म्हणून नोंदवलं, आणि लाल मांस 'बहुधा कारण' म्हणून. विहीणबाईंच्या ताटातली मासळी त्यात नाही. मग ती भीती त्यांना कशाला घालायची?

आपण मांस खात नाही ते समोरच्या जीवालाही जगायचं असतं म्हणून. पाठशाळेत शिकलेल्या अष्टमूलगुणांत मांसत्याग आहे तो व्रत म्हणून. त्याला तब्येतीचा टेकू दिला, की एका रिपोर्टने व्रतच डळमळतं. आणि आपली पाटीही कोरी नाही. दूध आपण पितो, पण गोठ्यातल्या गोऱ्ह्याचं पुढे काय होतं हे विचारत नाही.

मी सुनेला म्हटलं, "तुझं शरीर, तुझं बाळ. अंडं खायचं ठरवलंस तर वेगळं भांडं आणू, मी तोंड वाकडं करणार नाही." हे बोलताना माझा आवाज कापत होता. ती म्हणाली, "आई, डॉक्टरांनी गोळीही सांगितलीय. मला गोळी चालेल. फक्त माझ्या आईला असं बोलू नका." मी विहीणबाईंना फोन करून माफी मागितली.

गोळीतलं बी १२ कारखान्यात जिवाणूंकडूनच तयार करून घेतात. तिथे हिंसा अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. पण एकेंद्रिय जीव आणि पंचेंद्रिय जीव यांतला फरक आपल्याला शास्त्रानेच शिकवला आहे. मात्र कॅप्सूल असेल तर तिचं कवच कशाचं आहे ते विचारा. बरीच कवचं जिलेटिनची असतात, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याची. वनस्पतीपासून केलेली कवचंही मिळतात. औषधाच्या दुकानातला मुलगा माझ्याकडे बघतच राहिला, पण त्याने खोका वाचून सांगितलं.

साठीपुढच्या मैत्रिणींना एवढंच सांगते : वयानुसार बी १२ अंगी लागणं कमी होतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तरीही ते कमी होऊ शकतं. मुंग्या, थकवा, विसर पडणं यांना 'वात' म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना विचारून तपासणी करा.

माझ्या मुंग्या कमी झाल्यात, पूर्ण गेल्या नाहीत. सुनेला सातवा लागलाय. परवा विहीणबाई आल्या होत्या, येताना सोलकढीसाठी आमसुलं घेऊन आल्या. सूर्यास्ताआधी आम्ही तिघी एकत्र जेवलो.