तिसऱ्या चित्रपटाची कसोटी

चित्रपटत्रयी तीन वाटांनी घडते. पहिल्या वाटेत एकच मोठी कथा आधीपासून तीन भागांत बेतलेली असते. पीटर जॅक्सनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तिन्ही भाग न्यूझीलंडमध्ये एका सलग मोहिमेत चित्रित झाले आणि २००१, २००२ व २००३ असे दरवर्षी एक याप्रमाणे पडद्यावर आले. दुसऱ्या वाटेत एक चित्रपट स्वतंत्रपणे बनतो, त्यातली माणसे दिग्दर्शकाला किंवा प्रेक्षकाला सोडवत नाहीत आणि काही वर्षांनी ती परत येतात. तिसऱ्या वाटेत पात्रे वेगळी, कथा वेगळ्या, पण प्रश्न एकच असतो. ऋत्विक घटक यांचे ‘मेघे ढाका तारा’, ‘कोमल गांधार’ आणि ‘सुवर्णरेखा’ हे तीन चित्रपट फाळणीच्या एका जखमेभोवती फिरतात, म्हणून ते त्रयी मानले जातात.

अभिनय, छायाचित्रण, संकलन हे निकष सुट्या चित्रपटालाही लागतात. त्रयीला त्रयी म्हणून जोखायचे तर निकष तिसऱ्या चित्रपटापाशी शोधावा लागतो. कथा पुढे नेणे हे कुठल्याही उत्तरभागाचे काम आहे. तिसरा चित्रपट पाहून झाल्यावर पहिले दोन पूर्वीसारखे राहत नाहीत, त्यांतली दृश्ये नव्या अर्थाने आठवू लागतात, तेव्हाच तिघांची मोट खऱ्या अर्थाने बांधली गेली असे म्हणता येते. खालची क्रमवारी प्रस्तुत लेखकाच्या पसंतीची आहे आणि ती या एका कसोटीवर लावलेली आहे.

१. अपू त्रयी

सत्यजित राय यांचे ‘पथेर पांचाली’ (१९५५), ‘अपराजितो’ (१९५६) आणि ‘अपूर संसार’ (१९५९) हे चित्रपट बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’ व ‘अपराजितो’ या दोन कादंबऱ्यांवर आधारलेले आहेत. त्रयीचा बेत सुरुवातीला नव्हता. पहिल्या चित्रपटाचे चित्रीकरण १९५२ मध्ये सुरू झाले आणि पैशांअभावी रखडत गेले; शेवटी पश्चिम बंगाल सरकारच्या पैशातून तो पुरा झाला. ‘अपराजितो’ कोलकात्यात फारसा चालला नाही, पण १९५७ मध्ये व्हेनिसला त्याने सुवर्णसिंह मिळवला. मधल्या काळात राय ‘पारश पाथर’ आणि ‘जलसाघर’कडे वळले होते. त्यानंतर ते अपूकडे परतले.

तिन्ही चित्रपटांना जोडणारा धागा आगगाडीचा आहे. ‘पथेर पांचाली’त लहानगा अपू आणि त्याची बहीण दुर्गा काश गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांतून धावत जातात आणि गाडी पाहतात. त्या क्षणी गाडी म्हणजे गावाबाहेरचे सगळे जग. हे दृश्य राय यांनी सर्वांत आधी हाती घेतले. पहिल्या दिवसाचे काम झाल्यावर पुढच्या वेळी सगळे तिथे परतले, तर गुरांनी काशाचे तुरे फस्त केले होते. उरलेल्या भागासाठी पुढच्या हंगामाची वाट पाहावी लागली. ‘अपराजितो’त हीच गाडी अपूला कोलकात्याला नेते, आणि खेड्यात मागे राहिलेली त्याची आई सर्वजया गाडीच्या आवाजाकडे कान लावून बसते. ‘अपूर संसार’मध्ये अपूची खोली थेट रुळांशेजारी आहे. पत्नी अपर्णा बाळंतपणात गेल्यावर तो रुळांजवळ जीव द्यायला उभा राहतो, आणि गाडीखाली येते ते एक डुक्कर. शेवटी तो मुलाला भेटायला जातो तेव्हा सोबत खेळण्यातली आगगाडी नेतो. काजल ती झिडकारून टाकतो. लहानपणी क्षितिजावर दिसलेले अफाट जग अखेर हातातल्या खेळण्याएवढे होते आणि तेही नाकारले जाते. मग बाप आणि मुलगा यांच्यामध्ये कुठलीच वस्तू उरत नाही, तेव्हा मुलगा त्याच्या खांद्यावर चढतो. हे पाहिल्यावर काशाच्या रानातले ते धावणे पुन्हा पाहिले, तर त्यात आनंदाइतकाच पुढच्या ताटातुटींचा सुगावा लागतो.

या त्रयीचे तांत्रिक काम त्याच तोडीचे आहे. ‘अपराजितो’तले वाराणसीचे घर स्टुडिओत उभारलेले होते. चौकाच्या वाड्यात वरून झिरपणारा उजेड सावल्यांविना मऊ असतो. तो आणण्यासाठी छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी कापड ताणून त्यावरून दिव्यांचा प्रकाश परावर्तित केला. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांचा चौक खरा वाटतो तो या उजेडामुळे. संगीत रविशंकर यांचे. ‘पथेर पांचाली’त दुर्गाच्या मृत्यूची बातमी तिचे वडील हरिहर यांना कळते त्या वेळी सर्वजयेचा हंबरडा ऐकू येत नाही, त्याच्या जागी तारशहनाईचा स्वर येतो. तोंड उघडे, आवाज वाद्याचा: या एका निर्णयामुळे शोकाला नाटकी होण्याची जागाच उरली नाही.

मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेतील आगीत होरपळल्या. उरलेल्या तुकड्यांची आणि इतर प्रतींची जोडणी करून २०१५ मध्ये तिन्ही चित्रपट नव्याने उपलब्ध झाले. महाराष्ट्रातील अभ्यासकांशी या त्रयीचे नाते जुने आहे. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या रसास्वाद वर्गांतून प्रा. सतीश बहादूर यांनी ‘पथेर पांचाली’ दृश्यागणिक उकलून शिकवला, आणि चित्रपट ‘वाचण्याची’ सवय अनेकांना तिथे लागली.

२. कोकेर त्रयी

अब्बास कियारोस्तामी यांची ही त्रयी उत्तर इराणमधील कोकेर गावाभोवती घडते. ‘व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस?’ (१९८७) मध्ये आठेक वर्षांच्या अहमदच्या दप्तरात वर्गमित्राची वही चुकून येते. गृहपाठ वहीत नसेल तर मित्राला शाळेतून काढतील, म्हणून तो टेकडीवरची नागमोडी वाट चढून शेजारच्या पोश्तेह गावात मित्राचे घर शोधत फिरतो. १९९० च्या जूनमध्ये त्या भागात भीषण भूकंप झाला आणि हजारो माणसे गेली. ‘अँड लाइफ गोज ऑन’ (१९९२) मध्ये एक दिग्दर्शक मुलाला घेऊन गाडीने निघतो. पहिल्या चित्रपटातली मुले जिवंत आहेत का हे त्याला पाहायचे आहे. रस्ते खचलेले, घरे पडलेली, तरीही एक माणूस विश्वचषकाचा सामना दिसावा म्हणून टीव्हीचा अँटेना उभारत असतो. मुले सापडली की नाही हे चित्रपट सांगत नाही.

‘थ्रू द ऑलिव्ह ट्रीज’ (१९९४) हा दुसऱ्या चित्रपटातील एका छोट्या प्रसंगाच्या चित्रीकरणाची गोष्ट सांगतो. भूकंपानंतर लगेच लग्न केलेल्या जोडप्याची भूमिका हुसेन आणि ताहेरेह करत आहेत. प्रत्यक्षात हुसेनने तिला मागणी घातली आहे आणि ती त्याच्याशी बोलत नाही. पटकथेतली वाक्ये ती कॅमेऱ्यापुढे म्हणते, कॅमेरा थांबला की गप्प. एकाच जिन्यावर एकच दृश्य पुन्हा पुन्हा घेतले जाते आणि प्रत्येक वेळी हुसेनला दोन दृश्यांमधली तेवढीच फट बोलायला मिळते. याच चित्रपटात पहिल्या चित्रपटात काम केलेली दोन अहमदपूर भावंडे कुंड्या आणताना सहज दिसून जातात. दुसऱ्या चित्रपटाने उघडा ठेवलेला प्रश्न तिसरा इतक्या बेमालूमपणे सोडवतो की बेसावध प्रेक्षकाच्या ते लक्षातही येऊ नये. कियारोस्तामी स्वतः या तिघांना त्रयी म्हणायला फारसे राजी नव्हते; शेवटच्या दोहोंची सांगड ते ‘टेस्ट ऑफ चेरी’ (१९९७) शी घालत. तरीही वरच्या कसोटीवर ती पहिल्या क्रमांकाच्या अगदी जवळ उभी आहे.

३. तीन रंग

क्रिस्तॉफ किएश्लोव्स्की यांनी फ्रेंच ध्वजाचे तीन रंग आणि स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तीन मूल्ये हाताशी धरून ‘ब्ल्यू’ (१९९३), ‘व्हाइट’ (१९९४) आणि ‘रेड’ (१९९४) बनवले. मूल्यांची जाहीर चर्चा तिन्हींत कुठेच नाही. ‘ब्ल्यू’मधील ज्यूलीचे स्वातंत्र्य म्हणजे अपघातात नवरा आणि मुलगी गेल्यावर सगळे पाश तोडण्याचा हट्ट. ‘व्हाइट’मधील कॅरोलची समता सूड उगवून फिटंफाट करण्यातली. ‘रेड’मध्ये शेजाऱ्यांचे फोन चोरून ऐकणारा निवृत्त न्यायाधीश आणि तरुण मॉडेल व्हॅलेंटिन यांच्यात हळूहळू विश्वास जमतो.

तिन्ही चित्रपटांत एक वाकलेली वृद्ध व्यक्ती काचेची बाटली टाकीत टाकायला धडपडते. टाकीच्या तोंडापर्यंत तिचा हात पुरत नाही. ज्यूली डोळे मिटून उन्हात बसलेली, तिला ती दिसत नाही. कॅरोल पाहतो आणि किंचित हसतो. व्हॅलेंटिन पुढे होऊन बाटली आत ढकलते. ‘रेड’च्या अखेरीस इंग्लिश खाडीत बोट बुडते आणि वाचलेल्या सात जणांत तिन्ही चित्रपटांची मुख्य माणसे निघतात. हा योगायोग काहींना ओढून आणलेला वाटतो. बाटलीचे दृश्य ध्यानात असेल तर त्याची गरज पटते, कारण मदतीचा एक हात पुढे येईपर्यंतची साखळी तिसऱ्या चित्रपटात पुरी होते. मात्र ‘व्हाइट’ बाकीच्या दोहोंपेक्षा विरळ आहे, म्हणून क्रमांक तिसरा.

४. ‘बिफोर’ त्रयी

रिचर्ड लिंकलेटरचे ‘बिफोर सनराइज’ (१९९५), ‘बिफोर सनसेट’ (२००४) आणि ‘बिफोर मिडनाइट’ (२०१३) नऊ-नऊ वर्षांच्या अंतराने आले. इथन हॉक आणि ज्युली डेल्पी यांची वये पात्रांबरोबर वाढली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चित्रपटाच्या लेखनात दोघांचाही वाटा आहे. व्हिएन्नात एका रात्रीची भेट, पॅरिसमध्ये जवळजवळ घड्याळाच्या काट्याबरोबर चालणारी दुसरी भेट, आणि ग्रीसमध्ये जुळ्या मुलींसह सुट्टीवर आलेले जोडपे, असा हा प्रवास आहे.

पहिल्या चित्रपटात रेकॉर्डच्या दुकानातील अरुंद बूथमध्ये दोघे गाणे ऐकत उभे असतात. एकाने पाहिले की दुसरा नजर वळवतो, संवाद एकही नाही. तिसऱ्या चित्रपटात हॉटेलच्या खोलीत त्यांचे कडाक्याचे भांडण होते. तिथे मात्र नजर चुकवायला कोपरा उरत नाही आणि एकमेकांची उणीदुणी दोघांनाही तोंडपाठ असतात. बूथमधला संकोच त्या भांडणानंतर अधिक हवाहवासा वाटतो. वाढत्या वयाचा असा उपयोग फार थोड्या चित्रपटांना जमला आहे. बोलण्यावरच सारा भार असल्याने दृश्यभाषा मात्र पहिल्या तीन त्रयींइतकी समृद्ध नाही.

मराठीत या जातीचे उदाहरण सतीश राजवाडे दिग्दर्शित ‘मुंबई-पुणे-मुंबई’चे आहे. २०१० च्या पहिल्या भागात स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे पुण्यात दिवसभर फिरत बोलत राहतात. २०१५ मध्ये लग्नाची बोलणी आणि २०१८ मध्ये पालक होण्याची चाहूल येते. पहिल्या भागाचे बळ फक्त दोघांच्या तू-तू-मैं-मैंमध्ये होते. पुढे नातेवाइकांचा गोतावळा वाढला तसा तो एकांत सुटला, त्यामुळे तिसरा भाग कथा पुढे नेतो, पहिल्याला नवा अर्थ देत नाही. त्रयीचा खरा ताण मराठी प्रेक्षकाने अनुभवला तो रंगभूमीवर: महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’मध्ये, चंद्रकांत कुलकर्णी यांनी ते सलग सादर केले तेव्हा.

५. गॉडफादर

फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांचे पहिले दोन भाग (१९७२, १९७४) सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवणारे. पहिल्याच्या शेवटी बाप्तिस्म्याचे मंत्र आणि हत्यांची मालिका यांची सांधेजोड आहे. दुसऱ्यात माफिया घराण्याचा प्रमुख व्हिटो कॉर्लिओनीची तरुणपणची चढण आणि त्याचा मुलगा मायकेलची घसरण शेजारी शेजारी चालते. दुसरा भाग पहिल्याचा अर्थ बदलतो, म्हणजे तिसऱ्याचे काम त्याने आधीच करून टाकलेले असते. सोळा वर्षांनी आलेल्या तिसऱ्या भागासमोर (१९९०) नेमकी हीच अडचण होती. रॉबर्ट ड्युव्हालने साकारलेला घराण्याचा वकील टॉम हेगन त्यात नाही, कटकारस्थानांचा गुंता फार आहे. तरी पालेर्मोच्या ऑपेराघराच्या पायऱ्यांवर मुलीच्या मृत्यूने फुटलेली मायकेलची किंकाळी, जिचा आवाज कोपोलांनी काही क्षण काढून घेतला आहे, ती विसरता येत नाही. २०२० मध्ये कोपोलांनी हा भाग नव्याने संकलित करून ‘मायकेल कॉर्लिओनीचा मृत्यू’ हे मूळ मनातले नाव त्याला दिले. भूमिका स्पष्ट झाली: हा उपसंहार आहे, तिसरा खांब नाही. म्हणून क्रमांक पाचवा.

सुट्या चित्रपटांची पसंती लावायची झाली तर हीच यादी वेगळी दिसते. प्रस्तुत लेखकाच्या लेखी या पंधरांतला सर्वांत बांधेसूद चित्रपट ‘द गॉडफादर’चा दुसरा भाग आहे, त्यानंतर ‘पथेर पांचाली’, ‘रेड’, ‘थ्रू द ऑलिव्ह ट्रीज’ आणि ‘बिफोर सनसेट’. त्रयींच्या बाहेर पाहिले, तर यासुजिरो ओझू यांचा ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) या सगळ्यांच्या बरोबरीने येतो, आणि त्यालाही सेत्सुको हाराच्या नोरिको या नावाच्या तीन भूमिकांमुळे एका सैल त्रयीत गणले जाते. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ यादीत नाही याचे कारण गुणवत्तेची उणीव नाही. तिसऱ्या भागाने अकरा ऑस्कर मिळवली तरी तो एका अखंड कथेचा शेवट आहे. त्याच्यावाचून पहिले दोन अपुरे राहतात. सर्जिओ लिओनेची डॉलर त्रयी (१९६४–६६) याच्या उलट टोकाला आहे: तिथे क्लिंट ईस्टवूडचा अबोल भटक्या आणि एनिओ मोरिकोनेचे संगीत सोडले तर तीन कथा एकमेकींवाचून सुखेनैव चालतात. वरच्या पाच त्रयी या दोन टोकांच्या मधल्या आहेत. त्यांतला प्रत्येक चित्रपट एकटा पाहता येतो, पण तिन्ही ओळीने पाहिल्याशिवाय पुरता कळत नाही.