एका आज्ञावलीची शाकारणी

मृग लागण्यापूर्वीं घर शाकारून घ्यावें, हा आमच्या गोंडपिपरीकडचा जुना शिरस्ता आहे. कवेलू उतरवावे, वासे ठोकून पाहावे, वाळवी लागलेलें लांकूड काढून टाकावें आणि मगच पुन्हा छपरावर चढावें. असेंच काम संगणकावरहि करावें लागतें, हें आम्हांस चाळिशी उलटल्यावर कळलें. तें कसें कळलें, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

निकालपत्रकांसाठीं आम्हीं २०१४ सालीं पायथॉन भाषेंत एक लहानशी आज्ञावली लिहिली. ती कोणींहि घ्यावी, वाचावी, सुधारावी, अशी मोकळी ठेविली होती. शेजारच्या दोन शाळा ती वापरीत. ती लिहिली होती पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तींत. गिदो व्हान रॉसम यांच्या या भाषेची तिसरी आवृत्ति २००८ च्या डिसेंबरांतच आली होती. परंतु जुनें लेखन तींत जसेंच्या तसें चालेना. जुन्या आवृत्तीचा सांभाळ २०१५ त थांबावयाचा होता. लोकांची तयारी होईना, म्हणून ती मुदत २०२० पर्यंत वाढविण्यांत आली. पांच वर्षें मिळालीं, आणि आम्हीं, आमच्या विद्यार्थ्यांप्रमाणेंच, सर्व काम अखेरच्या महिन्यावर ढकललें.

सर्वांचेंच कारण आळस हें नव्हतें. मुंबईच्या आय. आय. टी. तील प्राध्यापक प्रभु रामचंद्रन यांनीं रचिलेलें, त्रिमितीय आकृति दाखविणारें ‘मायावी’ हें मुक्त सॉफ्टवेअर पाहा. तें ‘व्हीटीके’ नांवाच्या दुसऱ्या मुक्त सॉफ्टवेअरवर उभें आहे. व्हीटीकेनें तिसरी आवृत्ति स्वीकारिली ती २०१६ त. तोंपर्यंत मायावीस वाट पाहणें प्राप्तच होतें. वासा बदलल्यावांचून कवेलू कोठें ठेवणार?

आमच्या आज्ञावलीस असा परका वासा नव्हता. म्हणून सबबहि नव्हती. २०१९ च्या नाताळच्या सुटींत आम्ही कामास बसलों. ‘टू-टू-थ्री’ नांवाचें एक साधन जुन्या लेखनाचें बाह्य रूप बदलून देतें. पण बदललेला अर्थ त्यास कळत नाहीं. ‘गोंडपिपरी’ या शब्दाची लांबी विचारिली तर जुनी आवृत्ति २७ सांगे, कारण ती साठवणीचे बाइट मोजी. नवी ९ सांगते, कारण ती व्यंजनें, मात्रा, अनुस्वार हीं चिन्हें मोजते. पहिलीच्या मुलास विचाराल तर तो पांच अक्षरें सांगेल! या फरकामुळें विस्कटलेले नांवांचे रकाने आम्हीं नीट केले.

दुसरा फरक खोल होता. पूर्णांकास पूर्णांकानें भागिलें असतां जुनी आवृत्ति अपूर्णांक टाकून देई. नवी तो ठेविते. पडताळा म्हणून आम्हीं २०१६ चा निकाल दोन्ही आवृत्तींत चालवून पाहिला. एका विद्यार्थिनीचे पांच विषयांत ३५६ गुण, दुसरीचे ३५९. जुन्या आज्ञावलीनें दोघींची सरासरी ७१ काढिली, आणि यादींत नांव आधीं म्हणून पहिलीस पारितोषिक मिळालें. नवी आवृत्ति ७१.२ व ७१.८ दाखवीत होती. एकूण गुण पत्रकावर छापलेलेच होते. आम्हीं ते पाहिले नव्हते. त्या रात्रीं आमच्यानें पुढें कांहीं झालें नाहीं.

सुटी संपतांच मुख्याध्यापकांस सर्व सांगितलें आणि त्या दुसरीस बोलाविलें. ती आतां महाविद्यालयांत होती. आम्हीं आपली चूक कबूल करून तिच्या हातीं एक शब्दकोश ठेविला. ती म्हणाली, “सर, मी तेव्हांच बेरीज केली होती.”

“मग बोलली कां नाहींस?”

“संगणकानें काढलेलें होतें ना, सर.”

या उत्तरानें आम्हांस पारितोषिकाच्या चुकीहून अधिक लाजविलें. आज्ञावली मोकळी ठेविली म्हणजे ती कोणी वाचिली असें होत नाहीं. आणि आमच्या वर्गांत प्रश्न विचारण्याची मोकळीक कितपत होती, हेंहि त्या दिवशीं दिसून आलें. शेजारच्या दोन्ही शाळांस आम्हीं दुरुस्त आज्ञावली पाठविली, आणि जुनीं पत्रकें तपासावीं असें पत्रहि लिहिलें.

१ जानेवारी २०२० रोजीं जुन्या आवृत्तीचा सांभाळ संपला. तिचा अखेरचा अंक, २.७.१८, त्याच वर्षीं एप्रिलांत निघाला. विद्यार्थिमित्रहो, नवें यंत्र आलें कीं जुन्या उत्तरांची बेरीज स्वतः एकदां करून पाहा. आणि ती जुळली नाहीं, तर सरांसमोर उभे राहून तसें बोला.