विरत जाणाऱ्या औषधाचे देयक

कर्करोगावरील अंतर्गत किरणोपचारात, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य थेट गाठीपाशी पोहोचवण्याच्या पद्धतीत, देयकाचे मूळ काळाशी जोडलेले असते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात वापरल्या जाणाऱ्या इरिडियम-१९२ चे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर येण्याचा काळ, सुमारे ७४ दिवसांचे असल्याने एकाच स्रोताची किंमत अनेक रुग्णांत विभागली जाते. यकृताच्या गाठीसाठी धमनीतून सोडल्या जाणाऱ्या यिट्रियम-९० चे मात्र जेमतेम ६४ तासांचे असते, त्यामुळे मात्रा एकाच रुग्णासाठी, ठरलेल्या दिवसाकरिता मागवावी लागते आणि ऐनवेळी उपचार लांबला, तरी ती विरतच राहते. हे नुकसान कोणी सोसावे, हा प्रश्न आजाऱ्याच्या नातलगांवर सोडणे अन्यायाचे आहे.

बंगळुरूत १९७३ पासून किदवई संस्था कर्करुग्णांचा आधार आहे, आणि २०१८ च्या आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेने दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण दिले, तर इतरांना ठरलेल्या दराच्या ३० टक्केच. परंतु पूर्वनिश्चित दरांच्या यादीवर चालणाऱ्या कोणत्याही योजनेत यिट्रियमसारख्या विरळ उपचाराला जागा मिळणे कठीण असते. म्हणून, समजा, बेळगावहून बंगळुरूला उपचारासाठी आलेल्या कुटुंबाला मात्रेची किंमत आणि प्रक्रियेचे शुल्क वेगवेगळे, तेही मागणी नोंदवण्यापूर्वी, लेखी मिळायला हवे.