वरची नळी खालच्या नळीत

ऑक्टोबर लागला की माझ्या फोनला उसंत नसते. सहा महिने धुराड्याकडे ढुंकूनही न बघणारी माणसं पहिला गारठा पडला की एकदम जागी होतात, आणि प्रत्येकाला मी उद्याच हवा असतो. मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर शहरात आणि आजूबाजूच्या गावांत मी जुन्या घरांची धुराडी साफ करतो, त्यांच्या आतले स्टीलचे लायनर तपासतो, बिघडले असतील तर बदलतो. दहा वर्षं मशिन डिझाइनमध्ये काढल्यावर नोकरी गेली. दुसरी मिळेपर्यंत म्हणून एका म्हाताऱ्या धुराडेवाल्याच्या हाताखाली राहिलो, आणि दोन हिवाळ्यांत त्याच्याकडून ही विद्या उचलली. दुसरी नोकरी शोधायची राहूनच गेली.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाली, "म्हणजे इंजिनिअरिंगला घातलं ते पाण्यातच गेलं म्हणायचं." आणि थोड्या वेळाने, "अण्णा असते तर खूश झाले असते हो."

अण्णा म्हणजे तिचे वडील. पुण्याच्या कसब्यात, तांबट आळीत त्यांनी उभा जन्म तांब्यावर हातोडी मारण्यात काढला. हंडे, घंगाळी आणि मुख्य म्हणजे बंब. त्यांचं नाव या लेखात पुन्हा येणार आहे, कारण इथलं अर्धं काम मला न्यू इंग्लंडच्या म्हाताऱ्याने शिकवलं तरी उरलेलं अर्धं मी सुट्टीत त्यांच्या ऐरणीशेजारी बसून आधीच बघितलेलं होतं. ते आपल्याला येतंय हे मात्र कळायला चाळिशी उलटावी लागली.

मागच्या फेब्रुवारीत एका बाईंनी बोलावलं. घर १९२०च्या सुमाराचं, बाई ऐंशीच्या पुढच्या. दिवाणखान्यात लाकडावर चालणारा बिडाचा स्टोव्ह, त्यातून काळी नळी वर जाऊन भिंतीत शिरलेली, आणि भिंतीपलीकडच्या विटांच्या धुराड्यात सहा इंची स्टीलचा लायनर. तक्रार अशी की छप्पर गळतं. छपराचं काम करणारे दोघे येऊन गेले होते आणि धुराड्याच्या बुडाशी डांबर फासून पैसे घेऊन गेले होते. गळणं चालूच. बाईंनी स्टोव्हपुढच्या फरशीवर वर्तमानपत्र अंथरलं होतं आणि त्यावर तपकिरी ठिपके पडले होते, चहाच्या कपाचे डाग पडावेत तसे.

मी ठिपक्यावर बोट टेकवलं. चिकट. नाकाशी नेलं. होळीच्या दुसऱ्या दिवशी शर्टाला जो वास येतो, तोच. पावसाच्या पाण्याला असा वास नसतो. छपराकडे न जाता मी स्टोव्हच्या नळीच्या सांध्यांवर बॅटरी मारली. प्रत्येक सांध्याखाली एक काळा ओघळ सुकलेला होता.

स्टोव्हच्या नळीच्या प्रत्येक तुकड्याचं एक टोक चुण्या पाडून किंचित अरुंद केलेलं असतं, म्हणजे ते दुसऱ्या तुकड्यात बसतं. कुठलं कुठल्यात घालायचं? धूर वर जातो, म्हणून खालची नळी वरच्या नळीत घालावी असं कुणालाही वाटेल. बसवणाऱ्यालाही तसंच वाटलं होतं. पण नळीतून वर धूर जातो तसं खाली पाणीही येतं. ओल्या लाकडाचा धूर थंड नळीला लागला की त्यातली वाफ आणि डांबरासारखा अर्क नळीच्या आतल्या अंगावर थिजतो आणि ओघळत खाली उतरतो. वरची नळी खालच्या नळीच्या आत असेल तर तो ओघळ आतल्या आत स्टोव्हपर्यंत येऊन जळून जातो. उलट असेल तर सांध्यातून बाहेर पडतो, थेट बाईंच्या वर्तमानपत्रावर.

कौलं शाकारणाऱ्या कुठल्याही कोकणी माणसाला हे सांगावं लागणार नाही. वरचं कौल खालच्यावर चढतं, कारण पाणी वरून येतं. नळीत तेच, फक्त आतून. अण्णा बंबाच्या वर लावायची धुराची नळी जोडताना नुसते पुटपुटायचे, "वरचं खालच्यात." मला तेव्हा तो एखादा मंत्र वाटायचा.

नळ्या उलट्या करून बसवायला पाऊण तास लागला. बाईंच्या लाकडात ओलावा मोजण्याच्या यंत्राचे काटे टोचले तर आकडा चौतीस टक्के. जाळायच्या लाकडात वीस टक्क्यांच्या आत ओलावा हवा, त्यासाठी ते फोडून, वरून झाकून, बाजूंनी वारा लागेल असं वर्षभर रचून ठेवावं लागतं. बाईंना ते 'वाळलेलं' म्हणून विकलं गेलं होतं. लाकूडवाल्यांचा तो जगभरचा धर्म आहे.

या धंद्यात पडण्यापूर्वी मी समजत होतो की धुराड्याचं वैर आगीशी. आता माझं मत उलटं आहे. धुराड्याला आग क्वचित मारते, पाणी रोज मारतं.

इथली शंभर वर्षांपूर्वीची धुराडी विटांची. आत भाजक्या मातीच्या चौकोनी नळ्या, दोन-दोन फुटांच्या, एकावर एक रचलेल्या. फार जुन्या घरांत त्याही नाहीत, नुसत्या विटा आणि चुना. मुळात ही धुराडी मोठ्या, उधळ्या आगीसाठी बांधलेली. निम्मी ऊब धुराबरोबर वर जायची, तिच्यामुळे भिंती कोरड्या राहायच्या. पुढे स्टोव्ह आणि बॉयलर शहाणे झाले. सगळी ऊब घरातच ठेवून ते कोमट, जेमतेम उठेल एवढाच धूर त्या प्रचंड पोकळीत सोडू लागले. धूर साधारण १२० अंश सेल्सियसच्या खाली आला की त्यातला अर्क भिंतीवर बसू लागतो. त्याला इथे क्रिओसोट म्हणतात. म्हणून मोठ्या पोकळीत बारीक स्टीलची नळी घालायची: धूर पटकन वर जातो आणि निवायला त्याला वेळ मिळत नाही. धुराडं घराबाहेरच्या भिंतीला असेल, तीन बाजू बर्फाळ वाऱ्यात असतील, तर नळीभोवती अर्ध्या इंचाचं सिरॅमिकचं गोधडं गुंडाळल्याशिवाय मी ती घालत नाही. गोधड्याचे पैसे वाचवणारे कंत्राटदार भेटतात. त्यांच्या नळ्या चार-पाच वर्षांनी मीच बाहेर काढतो.

गॅसच्या घरांत तर हे पाणी डोळ्यांना दिसतही नाही. एक घनमीटर नैसर्गिक गॅस जळला की सुमारे दीड किलो पाणी वाफ होऊन धुराड्यात जातं. घरमालक जुना बॉयलर काढून नवा आणतो, त्याचा धूर प्लास्टिकच्या नळीने भिंतीतून बाहेर पडतो, आणि मोठ्या धुराड्यात मागे उरतो तो एकटा पाणी तापवायचा छोटा हीटर. एकत्र कुटुंबाचा वाडा आणि त्यात राहिलेली एक म्हातारी, तशी त्याची गत. एवढं धुराडं तापवायची ताकद त्याच्यात नसते. वाफेचं आम्लट पाणी होतं, ते चुना खातं, विटांच्या बाहेरच्या अंगावर पांढरा लोणा फुटतो, आणि एक दिवस आतला ढिगारा खाली पडून वाट बंद होते. वाट बंद म्हणजे कार्बन मोनॉक्साइड घरात. या वायूला वास नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये २००६पासून घराघरात त्याचा अलार्म सक्तीचा आहे तो यासाठीच. गॅसच्या हीटरला अॅल्युमिनिअमची नळी चालते, लाकडाला आणि तेलाला चालत नाही. लाकडाला स्टेनलेस, तेही ३१६ जातीचं. त्यातल्या मॉलिब्डेनममुळे ते आम्लाला ३०४पेक्षा जास्त काळ दाद देत नाही.

साफसफाईचं म्हणाल तर काजळी तीन जातींची. पहिली तव्याच्या पाठीवर असते तशी, भुसभुशीत. ब्रश फिरवला की गेली. दुसरी करपलेल्या पोह्यांसारखी, चकचकीत पापुद्र्यांची. तिला जोर लागतो. तिसरी म्हणजे गुळाचा पक्का पाक नळीवर ओतून थिजवलेला. तिच्यावरून ब्रश नुसता घसरतो. औषध मारून, आठवडाभर सुक्या लाकडाचा जाळ करायला लावून, पुन्हा येऊन बघावं लागतं, आणि कित्येकदा नळीच बदलावी लागते. तीन मिलिमीटर थर साचला की सफाई करायची हा इथला दंडक. पण तिसऱ्या जातीचा पाक कितीही पातळ असला तरी औषध मारल्याशिवाय मी जाळ करू देत नाही. तो पेटला तर धुराड्यात ११०० अंशांपर्यंत उष्णता जाते आणि छपरावरून आगगाडी चालल्यासारखा आवाज येतो. आग विझल्यावर लायनर बाहेरून धडधाकट दिसतो. कॅमेरा आत सोडला की निळसर-सोनेरी झाक आणि सुरकुत्या दिसतात. ती झाक दिसली की घरमालकांचं काही ऐकायचं नाही.

पहिल्या वर्षी मी स्टेनलेसच्या नळीत साध्या पोलादी तारेचा ब्रश घातला. गुरुजी गावाला गेले होते आणि मला घाई होती. तारेचे कण स्टेनलेसमध्ये रुतले, आणि पुढच्या वसंतात नळीभर तांबूस गंजाचे ठिपके. तेव्हापासून माझ्या गाडीत फक्त नायलॉनचे ब्रश. दुसरी चूक त्याच मोसमातली. ब्रशाच्या काठ्या एकमेकींत आट्यांनी बसतात, म्हणून काठी कायम उजवीकडेच फिरवायची. मी अडकलेला ब्रश सोडवायला एकदाच, अगदी एकदाच, डावीकडे फिरवली. वरून हलकी काठी हातात आली आणि ब्रश पंधरा फूट खाली राहिला. तो खालच्या टी-जोडातून काढेपर्यंत संध्याकाळ झाली. त्या दिवसाचे पैसे मागायला तोंड नव्हतं.

कामाला निघताना मी तोंडावर दोन गोल फिल्टरचा मुखवटा चढवतो, आणि तो चढवताना लंडनमधली पोरं आठवतात. पाच-सहा वर्षांची मुलं नऊ इंची धुराड्यांत चढवायचे. त्या काजळीमुळे धुराडेवाल्यांना अंडकोशाचा कॅन्सर होतो हे पर्सिव्हल पॉट या सर्जनने १७७५ साली लिहिलं; कामामुळे होणारा कॅन्सर म्हणून नोंदला गेलेला तो पहिला. मुलं चढवणं खऱ्या अर्थाने थांबायला मग आणखी शंभर वर्षं जावी लागली, १८७५पर्यंत. लांब काठीचा ब्रश तोवर निघून सत्तर वर्षं झाली होती. पोर स्वस्त पडत होतं, एवढंच.

मे महिन्यात मात्र मी काही धुराड्यांना हात लावत नाही. मराठीत चिमणी म्हणजे पाखरूही आणि धुराडंही. इथे धुराड्यात खरोखरच पाखरं राहतात, पण ती चिमण्या नव्हेत, पाकोळ्या. अमेझॉनच्या खोऱ्यात हिवाळा काढून इथे येतात आणि विटांच्या खडबडीत भिंतीला काड्यांचं इवलंसं घरटं थुंकीने चिकटवतात. त्यांना फांदीवर बसता येत नाही, उभ्या भिंतीला नखांनी लटकता येतं. १९१८च्या कायद्याने घरट्यात अंडी-पिल्लं असताना ते काढता येत नाही, आणि कायदा नसता तरी मी काढलं नसतं. स्टीलच्या नळीत मात्र त्यांची नखं धरत नाहीत. वर टोपी नसलेल्या एका गुळगुळीत लायनरच्या तळातून मी सात पाकोळ्या काढल्या आहेत, वाळलेल्या. तेव्हापासून जाळीची टोपी बसवल्याशिवाय मी छपरावरून उतरत नाही. ती टोपी पावसासाठी आहे असं मी लोकांना सांगतो, कारण पाखरांसाठी लोक साठ डॉलर देत नाहीत.

आता अण्णांचा बंब. मधे जाळाची नळी, भोवती पाणी. म्हणजे धुराड्याची नळी मुद्दाम गार ठेवायची आणि धुरातली ऊब शेवटच्या थेंबापर्यंत पाण्याला द्यायची. मी इथे जे टाळण्यासाठी पैसे घेतो, नेमकं तेच बंब पहाटे करायचा. म्हणून पहिला धूर दाट आणि डोळे चुरचुरवणारा, पाणी तापलं की विरळ. करवंट्या आणि ढलप्या जाळून ती मधली नळी आठवड्याभरात चिकट काळी व्हायची. आजी वेळूला नारळाची शेंडी बांधून ती घासायची. बाहेरून चिंच आणि राख. नळीचा डाख खालच्या सांध्यात असतो, म्हणून पाणी भरल्याशिवाय बंब पेटवायचा नाही हे आम्हा पोरांना रागावून सांगितलेलं. एकदा मामेभावाने पेटवला. अण्णा त्याला काही बोलले नाहीत, त्यांनी डाख वितळून उघडा पडलेला सांधा दाखवला आणि सबंध दुपार भाता ओढायला बसवलं.

पण बंब असायचा परसदारी किंवा खिडकीशी, आणि त्याचं धुराडं त्याच्याच डोक्यावर असायचं. पुण्याला गेलो की भावाच्या फ्लॅटमध्ये अंघोळीला जाताना मला आता धडकी भरते. बंब गेला, त्याच्या जागी गॅसचा गिझर आला, भिंतीला चिकटलेला, आंघोळीच्या बंद खोलीत. खिडकी काचेने बंद, कारण डास येतात. धूर दिसत नाही, म्हणून तो नाहीच असं सगळे समजतात. अशा बंद न्हाणीघरात माणसं गुदमरून गेल्याच्या बातम्या दर थंडीत मराठी वर्तमानपत्रांत असतात.

भावाशी दोन वर्षं वाद घातला. या दिवाळीत त्याने गिझर गॅलरीत हलवला आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आणली. प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम. तुमच्याकडे तो आत असेल, तर पहिला गारठा पडायच्या आत हलवा, आणि तोवर आंघोळीला खिडकी उघडी ठेवा.